गाईला घातलेलं ताट

"तुमच्या मुलीच्या पोटात काही बिघाड नाही," डॉक्टर म्हणाले. "हा अॅनोरेक्सिया नर्व्होसा आहे."

मी विचारलं, "म्हणजे क्षय का?"

आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली होती. नाशिकमध्ये हे नाव कुणी ऐकलेलं नव्हतं, निदान आमच्या ओळखीत तरी. शैला पंधरा वर्षांची. पाळी बंद झालेली, केस गळायचे, उन्हातही हात गार. छातीचा एक्स-रे झाला, रक्त-लघवी झाली, जंताचं औषध आणि टॉनिकच्या बाटल्याही झाल्या. दवाखान्याच्या बाकावर बसून मी प्रत्येक वेळी काहीतरी सापडू दे म्हणत होते. एकदा शाळेत प्रार्थनेच्या वेळी ती कोसळली, तेव्हा तिला दाखल केलं आणि मनोविकाराचे डॉक्टर आले.

त्यांनी समजावलं, "भूक मेलेली नसते. भूक लागते, पण जाड होण्याची भीती भुकेपेक्षा मोठी असते. आपल्याला तिची हाडं दिसतात, तिला आरशात चरबी दिसते. हा नखरा नाही, आजार आहे. आणि यात मुलं लपवतात."

"माझी शैला लपवत नाही," मी म्हटलं. अगदी ठासून.

तिचे पप्पा खिडकीबाहेर बघत होते. "वेडाचे डॉक्टर कशाला बोलावले?" एवढंच ते बोलले.

आता सांगते ती कशी लपवत होती, कारण तुमच्या घरातही असंच चालू असेल तर तुम्हाला ते दिसणार नाही.

आधी सोमवार सुरू झाला. मग चतुर्थी, मग गुरुवार, मग शनिवार. उपवासाला आमच्याकडे साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, दाण्याची आमटी, असा सगळा थाट. शैला म्हणायची, "मी कडक करते, आई. नुसतं दूध." आणि मी गल्लीभर मिरवायचे. घोटीची आत्या दिवाळीत तिला म्हणाली होती, "लय भरली गं तू, आता आवर." तीच आत्या संक्रांतीला म्हणाली, "कशी शेलाटी झाली बघ! पुण्याई हाय पोरीची."

उरलेल्या वारी ती ताट घेऊन दारापुढच्या ओट्यावर बसायची. आत गुदमरतं म्हणे. ताट रिकामं होऊन यायचं.

तिला दाखल केल्यावर मी घरी पेज करायला आले. जेवणाची वेळ होती. गल्लीतली तांबडी गाय दारात येऊन उभी राहिली. रोजच्यासारखा पोळीचा तुकडा दिला, तरी हलेना. मान आत घालून हंबरायला लागली. शेजारच्या काकू हसत म्हणाल्या, "तिला तुकड्याची सवय कुठं राहिली आता? तुमच्या शैलाकडून अख्खं ताट मिळतं."

"तुम्ही बघत होतात?"

"हो की. पुण्याचं काम, म्हटलं कशाला चहाडी करा."

चुलीवर पेज उतू गेली. मला काकूंचा राग आला, आत्याचा आला, त्या मुक्या जनावराचासुद्धा आला. पण खरं सांगते, सगळ्यात जास्त राग पोटच्या पोरीचा आला. मी तिच्यासाठी भाकरीला तूप लावत होते, आणि ती माझ्याच देव्हाऱ्याच्या आडून मला फसवत होती.

दवाखान्यात जाऊन मी तिला सरळ विचारलं, "देवाचं नाव घेऊन खोटं बोललीस?"

ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "दुसरं काहीही सांगितलं असतं, तर तू बळंच जेवायला घातलं असतंस. उपवासाला तू नाही म्हणत नाहीस."

मी डॉक्टरांना गाईचं आणि उपवासांचं सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "रागवा, पण आजारावर रागवा. आत्या बोलली म्हणून झालं असंही धरू नका, कारण एकच नसतं. जबरदस्ती नको, समोर बसून जेवा. आणि घरातले उपवास बंद. तुमचेही."

माझे सोमवार लग्नाआधीपासूनचे. चतुर्थी तर आईकडून आलेली. मनात आलं, आजार हिला, आणि देव माझा काढून घेताय?

वजन पावशेरानं वाढायचं, पुन्हा उतरायचं. शेवटी ते जरा टिकलं तेव्हा तिला घरी सोडलं, पण बरी झाली म्हणून नव्हे. पुन्हा घसरलं तर जिवावर बेतेल, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

घरी आल्यावर पहिलीच चतुर्थी आली. दुपारी मी दोन ताटं वाढली. भाकरी, मेथीची भाजी, वरण. ओट्याचं दार लावून घेतलं.

"आई, आज चतुर्थी आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे." मी घास घेतला. तो गिळला, दुसरा घेतला. ती बघत राहिली. मग तिनं भाकरी मोडली.

अर्धी भाकरी संपली तेव्हा माझी नजर तिच्या मांडीकडे गेली, मग पाटाखाली. विश्वास एकदा उडाला की डोळे ऐकत नाहीत. तिच्या ते लक्षात आलं. ती उठली आणि माझ्यासमोर परकर झटकून दाखवला. काही पडलं नाही. मी बघितलं, नीट बघितलं, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

मग ती परत पाटावर बसली आणि म्हणाली, "थोडं वरण वाढ."

बाहेर गाय हंबरत होती. आम्ही दोघींनी तिला हंबरू दिलं.