पांढरीतलं नाणं

विमान दोह्यावर उतरू लागलं तेव्हा मला आधी शहर दिसलंच नाही, क्रेन दिसल्या. समुद्राच्या कडेने, रस्त्यांच्या कडेने, वाळूच्या मधोमध, नजर जाईल तिथे क्रेन. फुटबॉलचा विश्वचषक अजून तीन वर्षं लांब होता आणि पाहुणे दारात येऊन उभे असावेत तशी त्या देशाची धांदल चालली होती. माझ्या मांडीवर एक जाड वही होती. नाशिकच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मी मुलांसाठी रोमचा इतिहास लिहायला घेतला होता. डाव्या पानावर रोम, उजव्या पानावर त्याच काळातलं बाकीचं जग. डावीकडे पहिले सम्राट, तर उजवीकडे आपले सातवाहन आणि चीनचे हान. डावीकडे रोम ढासळतंय, तेव्हा उजवीकडे गुप्तांचं राज्य भरात आलेलं. मुलीकडे महिनाभर राहून ऱ्हासाची प्रकरणं संपवायची, असं ठरवून मी निघाले होते.

मुलगी मृणाल आणि जावई अभिजित मदिनत खलीफा या वस्तीत राहतात. अभिजित गॅसच्या कंपनीत इंजिनिअर आहे. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि इंग्रजी. दहा वर्षांची नात रेवा माझं सगळं मराठी समजते आणि उत्तर इंग्रजीत देते. पहिल्याच दिवशी अभिजितने मला अर्धवट बांधलेलं एक स्टेडियम लांबून दाखवलं. त्याचा आकार गहफियाचा (अरब पुरुष डोक्याला घालतात त्या विणलेल्या टोपीचा) असणार होता. त्या सांगाड्यावर मुंग्यांएवढी माणसं चढली होती. रोमच्या बांधकामांबद्दल मी आयुष्यभर शिकवलं, पण एवढ्या उंचीवर माणसं कशी दिसतात हे मी कधी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी आम्ही कटारा या कलाग्रामात गेलो. समुद्राकडे तोंड केलेलं अर्धगोल प्रेक्षागृह, त्याच्या पांढऱ्याशुभ्र दगडी पायऱ्या. मी पायरीवर हात ठेवला आणि मला भरून आलं. तिथेच बसून मी रेवाला रोमबद्दल सांगायला लागले. अशा जागी लोक कसे बसत, नाटकं कशी होत, राज्य कसं वाढलं आणि कसं पडलं. रेवाने सगळं शांतपणे ऐकलं आणि ती म्हणाली, “आजी, इट्स नॉट ओल्ड. इट्स माय एज.”

अभिजितने हसू दाबत सांगितलं की तिचं खरं आहे, हे सगळं अलीकडेच बांधलंय. मी दगडावरचा हात काढून घेतला. इतिहासाची शिक्षिका दहा वर्षांच्या पायऱ्यांपुढे गहिवरली होती. सगळे हसले, मीही हसले. हसला नाही तो फक्त दत्ता. अभिजितने माझ्या मुक्कामापुरती भाड्याची गाडी ठरवली होती, तिचा हा चालक. चाळिशीचा, सावळा, कमी बोलणारा. पाण्याची बाटली धरून तो दोन पायऱ्या खाली उभा होता आणि माझं व्याख्यान त्याने शेवटपर्यंत ऐकलं होतं.

खरोखर जुनं काही पाहायचा मी हट्टच धरला. उत्तरेला अल झुबारा नावाचं मोत्यांच्या व्यापाऱ्यांचं गाव वाळूत पडलंय असं कळलं. शनिवारी रेवाच्या शाळेत कार्यक्रम होता, म्हणून दत्ता आणि मी दोघंच निघालो. शहर संपल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसती पिवळट, सपाट जमीन. झाड नाही, डोंगर नाही. थोडी वाट वाकडी करून आम्ही आधी मदिनत अश शमालला थांबलो. छोटंसं गाव, टायरची दुकानं, शिंप्याचं दुकान, मशीद. एका मल्याळी माणसाच्या टपरीवर आम्ही पराठा आणि करक (दूध आणि वेलची घालून खूप उकळलेला चहा) घेतला. कप हातात धरून दत्ता म्हणाला, “बाई, तुम्ही ढोकीकडच्या शाळंत होता नव्हं?”

मी चकितच झाले. होते मी तिथे. अठ्ठावीस वर्षांपूर्वी, नाशिकला बदली होण्याआधी, चार वर्षं. दत्ता आठवीला माझ्या वर्गात होता. कटाराला मी बोलायला लागल्यावर आवाजावरून त्याने मला ओळखलं होतं. मला इतका आनंद झाला की मी त्याचा हातच धरला. माझे कुठले धडे आठवतात, असं मी विचारलं. शिक्षकाला ही हाव असतेच.

“रोमचा,” तो म्हणाला.

मी फुशारून गेले. पण त्याने चहा संपवला आणि गाडी काढली.

अल झुबाराला एक नेटका, चौकोनी किल्ला आहे, आणि त्याच्यापलीकडे समुद्राच्या बाजूला ते गाव. म्हणजे गावाचे पाये. गुडघ्याएवढ्या भिंती, अंगणं, गल्ल्या, सगळं वाळूच्या रंगाचं. इथून मोती मुंबईपर्यंत जात. हल्ले झाले, आगी लागल्या, माणसं निघून गेली. पुढे जपानी मोत्यांनी सगळ्या आखाताचाच धंदा बुडवला. पायाखाली खापरांचे तुकडे दिसत होते. दत्ताने एक वाकून पाहिला, पण उचलला नाही. मग ऊन टाळायला आम्ही किल्ल्याच्या भिंतीच्या सावलीत बसलो, आणि तिथे त्याने सांगितलं.

दत्ता तेरचा. तेर म्हणजे जुनं तगर. तिथलं कापड भडोचच्या बंदरातून रोमन जहाजांवर चढत असे, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. चार वर्षं मी त्या गावापासून थोड्याच अंतरावर राहिले आणि तिथे एकदाही गेले नाही. घरी लहान मूल होतं, आणि डोळे बदलीकडे लागलेले. माझ्या वहीत उजव्या पानावर तेरला दीड ओळ होती.

त्याच्या घरामागे पांढरी होती (जुनी वस्ती गाडली जाऊन झालेला पांढुरक्या मातीचा उंचवटा). तिथे पावसानंतर मणी, खापरं, मातीच्या बाहुल्या वर येत. एकदा त्याला मातीचं गोल नाणं सापडलं. त्यावर एका माणसाचं डोकं होतं, आखूड केस, सरळ नाक. नेमकं त्याच आठवड्यात मी रोम शिकवत होते आणि पुस्तकात तसंच डोकं छापलेलं होतं. दत्ता ते रुमालात बांधून वर्गात घेऊन आला. बाई, हे आमच्या पांढरीत सापडलं, असं त्याने उभं राहून सांगितलं. मी ते हातात घेतलं, वर्गाला दाखवलं, आणि खिडकीतून बाहेर टाकलं.

“तुम्ही म्हणलाव, दत्ता, खोटं आणायचं तर निदान जरा बरं तरी करून आणावं.”

वर्ग हसला होता. सुट्टीत तो खिडकीखाली शोधायला गेला, तर पाऊस सुरू झाला. शोधूनही सापडलं नाही. गावात त्याचं नाव ‘रोमवाला’ पडलं, ते आजतागायत.

मला यातलं काहीही आठवत नव्हतं. दत्ताचा चेहरा नाही, रुमाल नाही, नाणं नाही. पण ते वाक्य माझं होतं. शब्द, त्यातली खोच, सगळं. कितीतरी मुलांना मी ते कितीतरी वेळा ऐकवलं होतं, आणि शिक्षकांच्या खोलीत त्याबद्दल शाबासकीही मिळवली होती.

दत्ता रागावलेला नव्हता. त्याला एक हवं होतं. त्याची मुलगी ऋतुजा यंदा दहावीला होती. लहानपणी ती ही गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकायची. मग तिने ती आपल्या वर्गात सांगितली आणि तिथेही हसं झालं. तेव्हापासून बाप थापा मारतो हे तिच्या मनात बसलं. “आता माझं कायच खरं मानत न्हाई ती. हिकडं मी बरा हाय म्हणलं तरी न्हाई,” तो म्हणाला. दोन वर्षांतून एकदा घरी जाणाऱ्या माणसाचं घराशी नातं फोनवरच्या शब्दांवरच तर चालतं. त्याने फोन लावला, शनिवारची शाळा सुटून ती घरी आली होती, आणि फोन माझ्या हातात दिला.

“बाई, पप्पांनी खरंच आणलं होतं का ते नाणं?”

पस्तीस वर्षं मी मुलांना सांगितलं होतं की पुराव्याशिवाय बोलू नये. मी म्हणाले, “मला आठवत नाही, बाळ.” हे खरं होतं. ते वाक्य माझंच आहे हेही खरं होतं, पण ते मी लाजेने गिळलं.

“बरं,” ती म्हणाली.

दत्ताने फोन घेतला, जेवलीस का विचारलं, आणि ठेवला.

परतताना वळण चुकलं आणि गाडी सबख्यात (वरून टणक, आतून चिखल असलेल्या खाऱ्या जमिनीत) रुतली. चाक फिरेल तसं खाली जात होतं. दत्ता गुडघ्यांवर बसून हातांनी माती उपसत होता. मी जवळ गेले आणि त्याची माफी मागितली. त्याने वर पाहिलं.

“तुम्हाला आठवतच न्हाई, तर माफी कशाची मागताव बाई?”

तासाभराने एका पेशावरी माणसाने पिकअपला दोर बांधून आम्हाला ओढून काढलं, ‘यल्ला’ (चला) म्हणून हात हलवला आणि पाणीसुद्धा न पिता निघून गेला.

पुढचे आठ दिवस मला एक ओळ लिहिता आली नाही. साम्राज्यं कशी पडली याची कारणं मी ओळीने मांडली होती, आणि माझ्याच वर्गात काय पडून फुटलं याचा मला पत्ता नव्हता. शेवटी अभिजितला घेऊन मी बरवा अल बराहाला गेले. इंडस्ट्रियल एरियाजवळ कामगारांसाठी बांधलेल्या एकसारख्या इमारतींच्या रांगा, गॅलऱ्यांमध्ये वाळत घातलेले एकसारखे कपडे. चौघांच्या खोलीतून दत्ता धुतलेला शर्ट घालून खाली आला. मी त्याला सांगितलं की ते वाक्य माझंच होतं, ते ऐकताक्षणी मी ओळखलं, आणि फोनवर बोलले नाही.

“मला ठाव हाय,” तो म्हणाला. “तिला सांगा.”

नाशिकला परतल्यावर चौथ्या दिवशी मी तेरची बस धरली. दत्ताची बायको आणि ऋतुजा स्टँडवर आल्या होत्या. ऋतुजा उंच, बापासारखीच कमी बोलणारी. घरामागची पांढरी दोन मिनिटांवर होती, आणि गावात संग्रहालय होतं, तेही मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते. हस्तिदंत, मणी, दिवे. एका काचेआड मातीची नाणी मांडलेली होती. खऱ्या रोमन नाण्याचा ठसा मातीत घेऊन, वर कडी ठेवून, इथले लोक ती गळ्यात घालत. आखूड केस, सरळ नाक. मी काचेला धरून उभी राहिले. ऋतुजाने पाटी दोनदा वाचली. तिने हे कपाट आधी पाहिलं होतं, पण आपल्या वडिलांशी त्याचा काही संबंध असेल असं तिला वाटलं नव्हतं.

मग मी तिला सगळं सांगितलं. मला ते नाणं आजही आठवत नाही. पण जे वाक्य तुझे वडील सांगतात ते मीच म्हणायचे, आणि जे नाणं नव्हतंच त्यावर मी ते म्हणाले नसते. ती ऐकत होती. रागावली असेल असं मला वाटलं, आणि ते रास्तच झालं असतं. तिने एवढंच विचारलं की ती खिडकी कुठली.

रिक्षा करून आम्ही शाळेत गेलो. इमारत तीच होती, रंग नवा. आठवीचा वर्ग मला लगेच सापडला. बाहेरून वळसा घालून आम्ही खिडकीखाली आलो. जिथे पूर्वी माती होती तिथे आता भिंतीपासून कुंपणापर्यंत फरसबंदी झालेली होती. सिमेंटचे ठोकळे, एकाला एक घट्ट. मी खाली बसले आणि दोन ठोकळ्यांमधल्या फटीत बोट घालून पाहिलं. काय शोधत होते, मलाच कळत नव्हतं.

ऋतुजा उभीच होती. तिने फोन काढला आणि वडिलांना लावला. त्या जमिनीकडे कॅमेरा धरून म्हणाली, “पप्पा, हितंच असंल बघा. खाली.”