काळ्या दगडापाशी लावलेला गळ

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आणि तिला तर मी न विचारता सगळं सांगतो, ऑफिसात कोणाच्या डब्यात काय होतं इथपर्यंत. आमच्या गोतावळ्यात माझी ख्यातीच तशी आहे. लग्न असो की बारसं, जेवणं उरकली की कोणीतरी सतरंजी ओढतं आणि म्हणतं, "मामा, ती मरळीची होऊन जाऊ द्या." मग मी सुरू होतो — पोळा झाल्यावर सकाळी सकाळी मरळीने मला डोहात कसं ओढलं, पॅन्ट गळाला कशी अडकली, आणि मी दुपट्टा गुंडाळून धानाच्या बांधावरून कसा पळालो. पोरं लोळतात. सगळ्यात जास्त हसतो तो माझा चुलतभाऊ, कवडूभाऊ. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसतो.

त्या सकाळी मरळ नव्हतीच. मी भिजलो होतो, एवढंच खरं.

का भिजलो होतो — ते सांगायचं आहे. पण सरळ त्यावर येता येत नाही मला. आधी भाऊचं सांगतो.

आमचं गाव अहेरीकडे, एका लहान नदीच्या काठाला. मरळ धरावी ती भाऊने. उन्हाळ्यात डोह आटून चिखल राहतो, तेव्हा तो कोपरापर्यंत हात घालून मरळ काढायचा. मिरगाच्या पाण्यात ती धानाच्या शेतांत, बांध्यांत, चढते, तेव्हा बांधाच्या फोडीशी बांबूची टोपली लावून बसायचा. त्यानंतर ती लाल पिलांचा घोळका घेऊन काठाकाठाने हिंडते. तेव्हा मात्र हात लावायचा नाही. "पिलावाली हाये, जाऊ दे तिले." पोळा झाला, पाणी निवळायला लागलं की गळ — बांबूची खुंटी, जाड दोरी, गळाला जिवंत बेडूक. संध्याकाळी लावायचा, सकाळी पाहायचा. आणि हिवाळ्यात भर दुपारी, मरळ उन्हाला वर येते तेव्हा.

गळ लावला की काठावर खूण करायची. काडीला पळसाची पानं टोचून ती काडी रोवायची, बस. आमच्याकडे बाया दगडांच्या फटींत हात घालून झिंगे, खेकडे धरतात. पानं दिसली की त्या तिथून दूर होतात. पानं नसली की जागा मोकळी. यावर कोणी कधी चर्चा केलेली मी ऐकली नाही. दाराला कडी असते तशी ती खूण होती.

मी तेव्हा नुकताच चंद्रपूरला नोकरीला लागलो होतो. सुट्टीत गावी यायचो आणि भाऊच्या मागे मागे नदीवर जायचो. माझ्या गळाला शेवाळ लागायचं. वहिनी — भाऊची बायको — हात पुढे करायची आणि म्हणायची, "आणा भाऊजी, आज शेवाळाची भाजी करतो." सगळं घर हसायचं. मीही हसायचो. हसण्यावारी नेण्याची कला मला तेव्हापासूनच येते.

त्या पोळ्याला मला एक जागा सापडली. डोहाच्या खालच्या अंगाला काळा दगड आहे, त्याच्या पोटात कपार. मरळीला श्वास घ्यायला वर यावंच लागतं, कितीही खोल दडून बसली तरी. मी काठावर एकटा होतो आणि त्या कपारीपाशी पाणी फुगलं — बुळुक — आणि पुन्हा सपाट झालं. मोठी होती. तो आवाज ऐकून अंगावर काटा आला. आनंदाचा होता की कशाचा, आज सांगता येत नाही.

संध्याकाळी भाऊने वरच्या अंगाला जांभळीखाली गळ लावले, पानांची खूण रोवली. मी सोबत होतो, बेडकांचं मडकं धरायला. तो घरी गेला. मी त्याच्या वळचणीतल्या जुडीतून तीन गळ आधीच काढून ठेवले होते — त्याने तासलेल्या खुंट्या, त्याने वळलेली दोरी. ते काळ्या दगडापाशी लावले.

आणि खूण केली नाही.

विसरलो नाही. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं, की विसरलो असेन. नाही. पळसाची पानं माझ्या हातात होती. पण खूण दिसली की भाऊ विचारणार, ही कोणाची? मग मरळ निघाली तरी ती भाऊच्या दोरीची, भाऊच्या नदीतली. मला ती एकट्याची हवी होती. म्हटलं, उजाडायच्या आत येऊन काढू, कोणाला काय कळतंय. पानं मी पाण्यात सोडली. ती दगडाला वळसा घालून गेली.

सकाळी उठायचा राहिलो. पोळ्याच्या पुरणपोळ्या अंगावर आल्या होत्या — गोष्टीत मी इथे पोटावर हात फिरवतो आणि पोरं हसतात.

जाग आली ती ओरडण्याने.

वहिनी झिंग्यांसाठी डोहात उतरली होती. जांभळीखाली पानं दिसली म्हणून ती खाली सरकली, दगडाकडे, मोकळ्या जागेकडे. कपारीत हात घातला. गळ तळव्यात शिरला, आणि तिने घाबरून हात ओढला. मी पोचलो तेव्हा भाऊ कमरेएवढ्या पाण्यात उभा होता, विळ्याने दोरी कापत होता. पाणी लाल नव्हतं, काळंच होतं. शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर त्यांनी तिला मधे बसवून अहेरीला नेलं. भाऊच्या मुठीत ती खुंटी तशीच होती.

काठावरचे सगळे त्यांच्यामागे गावाकडे गेले. मी डोहात उतरलो. राहिलेले दोन गळ उपटले, दोरी गुंडाळली, घरी येऊन वळचणीला जुडीत खोचली. म्हणून भिजलो होतो.

अंगणात बाया जमल्या होत्या. एका म्हातारीने विचारलं, "तू काऊन वला झाला रे?" आणि माझ्या तोंडून निघालं — भाऊचे गळ पाहायला गेलो होतो जी, मरळीनं ओढलं. पॅन्टच सोडून द्या लागली असती. कोणीतरी हसलं. त्या घाबरलेल्या अंगणात पहिलं हसू माझ्यामुळे आलं. गोष्ट तिथे जन्मली. पुढे मी तिला फक्त शेपट्या लावल्या.

संध्याकाळी भाऊ परतला. ओट्यावर बसला, खुंटी मांडीवर. "हे तर माहीच हाये," म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "लहान्या, जुडीतला गळ तू तर नाई नेला?"

"नाई भाऊ."

त्याने मान हलवली. लगेच. याहून जास्त काही विचारलं नाही.

वहिनीचा हात वाचला. दोन बोटं मात्र तळव्याकडे वळली ती वळलीच. तेंदूपत्त्याचे पुडके तिचे गावात सगळ्यांच्या आधी बांधून व्हायचे. त्यानंतर ती पुडके मोजून देतात त्या फडीवर गेली नाही. भाऊला ती कधी टाकून बोलली नाही. एकदाच म्हणाली, माझ्यासमोर, "तुमची खूण पाहूनच तर मी दगडाकडं गेली." उत्तर माझ्याकडे होतं आणि मी चहा पीत होतो.

भाऊने गळ सोडले. जुडी चुलीत घातली. पण तेवढ्यावर ते थांबलं नाही. दाराची कडी लावली की तो परत जाऊन बघतो. बैल बांधला की दोरी ओढून बघतो, चार पावलं जातो, पुन्हा येतो. पोरं थट्टा करतात, "बाबा, सोतालेच बांधून ठेवा." मीही त्या थट्टेत असतो — नक्कल माझी चांगली जमते.

मागच्या पोळ्याला गेलो होतो. जेवायला बसलो आम्ही दोघं. बाजारातला मासा होता. भाऊ घास हातात धरून थांबला.

"लहान्या, तू त्या संध्याकाळी माह्यासंगं होता. मी जांभळीखालीच लावले होते ना? का दगडापाशीबी लावला होता? तवापासून माह्यं मलेच खरं वाटून नाई राह्यलं."

वहिनी भाताचं पातेलं घेऊन उभी होती. तीही थांबली. ती माझ्याकडे बघत होती की भाऊकडे, मी वर पाहिलं नाही.

कोण काय करणार होतं मला आता? भाऊने मारलं असतं? त्याच्याने कडी लागत नाही एका दमात.

"लावला असंल भाऊ," मी म्हटलं. "अंधार पडून राह्यला होता."

त्याने मान हलवली. तशीच, लगेच. वहिनीने डाव्या हाताने मला भात वाढला. मी रस्सा मागून घेतला आणि पोटभर जेवलो. मग पोरांनी सतरंजी ओढली.