रंगाऱ्याचा बारीक ब्रश

आमच्या इमारतींमागच्या सामाईक बागेत सगळ्यात उत्साही माणूस कोण, तर रंगारी. दिवसभर लोकांच्या भिंती रंगवायच्या आणि संध्याकाळी हात-पाय धुवायच्या आधी थेट बागेत हजर. लाकडाच्या ओंडक्यांना भोकं पाडून त्यानं मधमाश्यांसाठी घरं केली होती. "भाडं नको, फक्त भोपळे धरू द्या," असं तो त्यांना बजावायचा. बागेतली भाजी आधी जिने उतरू न शकणाऱ्या शेजाऱ्यांना जायची आणि ती पोचवायचाही तोच.

माझा त्याच्यावर राग होता, हे आधीच सांगून टाकतो. पस्तीस वर्षं कचेरीत फायली नीट लावून मी निवृत्त झालो. मला वेलावरचा मावा बघवेना आणि हा म्हणायचा, "राहू द्या काका, पाखरं खातील." बागेत औषध फवारायचं नाही, हा इथला पहिला नियम. एका दुपारी बागेत चिटपाखरू नव्हतं, तेव्हा मी घरून बाटली आणली आणि भोपळ्याच्या वेलावर, फुलांसकट, मनसोक्त फवारली.

तिसऱ्या दिवशी शिंपीणकाकूंनी, म्हणजे बाग सांभाळणाऱ्या बाईंनी, वेलाखालच्या मेलेल्या मधमाश्या बशीत गोळा करून सगळ्यांपुढे ठेवल्या. कुणीतरी म्हणालं, रंगारी बागेच्या नळावर ब्रश धुतो, त्या रंगाच्या पाण्यानंच मेल्या असणार. सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या.

"रंगाचे ब्रश मी इथे कधीच धुतले नाहीत," तो म्हणाला. "शप्पथ."

मी माझ्या पायाचे अंगठे बघत बसलो. त्यानं अवजारांच्या खोलीची किल्ली बशीशेजारी ठेवली आणि तो निघून गेला. परत आला नाही.

माश्या नाहीत म्हटल्यावर भोपळे धरेनात. बोटाएवढे व्हायचे आणि पिवळे पडून गळायचे. मग काकूंनी ठरवलं, रोज सकाळी नर फुलातला पराग मादी फुलाला आपणच लावायचा. काम माझ्या गळ्यात पडलं. "हात स्थिर आहे तुमचा, भावजी," असं म्हणून त्यांनी एक बारीक ब्रश दिला. नवाकोरा, मऊ. "रंगाऱ्यानं पाठवलाय. भोपळे गळतायत हे त्याच्या कानावर गेलं."

सलग बारा दिवस मी तो ब्रश घेऊन फुलांवर वाकलो. लाज वाटत होती म्हणणं कमीच होईल. मला माझाच हात नकोसा झाला होता. तेराव्या दिवशी काकूंना सगळं सांगितलं. बोलणी खायची तयारी होती. त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली.

"मला सांगून काय उपयोग? मी कुठे बाग सोडलीय?"

तसाच उठून चार मजले चढलो. दार रंगाऱ्यानंच उघडलं. माझ्या हातातला ब्रश बघून त्याचा चेहरा खुलला.

"काका! धरले का भोपळे?"

"सात धरले," मी म्हणालो. त्याच्याकडे बघवेना, म्हणून ब्रशकडे बघतच पुढचं बोललो. "औषध मी मारलं होतं. माश्या माझ्यामुळे मेल्या."

त्याचा हात दाराच्या कडीवर गेला.

"बाकीच्यांना सांगितलंत?"

"फक्त काकूंना. म्हटलं, बाकीच्यांआधी तुला सांगावं."

मी ब्रश पुढे केला. त्यानं तो घेतला नाही.

"माझं नाव सगळ्यांसमोर निघालं होतं, काका," तो म्हणाला आणि त्यानं हळूच दार लावलं.