शेवटच्या पानांचा डबा

स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा आणि वर त्या धोंड्याला लागलं तर नाही ना म्हणून विचारायचं, ही कला अख्ख्या जालना जिल्ह्यात माझ्या साडूंइतकी कुणाला साधलेली नाही. जाफराबादेत एका कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर माणूस देवाच्या मागं लागतो, नाहीतर सुनेच्या. हे गावातल्या वयात येणाऱ्या पोरापोरींच्या मागं लागले. नगरपंचायतीचा जुना कोंडवाडा ओस पडला होता, तो मागून घेतला, शेणाचा वास जाईपर्यंत फिनेल ओतलं, कापसाची बारदानं अंथरली आणि दारावर खडूनं लिहिलं : ‘वाचनालय. आठवीच्या खालच्यांना आणि लग्न झालेल्यांना प्रवेश नाही.’ मोकाट ढोरांची जागा मोकाट पोरांना दिली तर बिघडलं काय, असं त्यांचं म्हणणं.

खर्च बिलकुल करायचा नाही, हा त्यांचा नेम. पुस्तकं रद्दीवाल्याकडून, नाहीतर सोयऱ्याधायऱ्यांकडून. दुखवट्याला गेले की थोडा वेळ मान खाली घालून बसायचे आणि मग हळूच विचारायचे, की गेलेल्याची काही पुस्तकं होती का. माझ्याकडे तर तेवढाही धीर धरला नाही. मी धडधाकट समोर बसलेलो असताना माझं निम्मं कपाट उचलून नेलं, आणि माझ्या बायकोनं, म्हणजे त्यांच्या मेव्हणीनं, पिशवीचं तोंड धरलं.

पण खरा कहर पुढंच होता. प्रत्येक गोष्टीच्या पुस्तकाचं शेवटचं पान ते ब्लेडनं कापायचे आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचे. पोरगं पुस्तक वाचून आलं की त्याला समोर बसवायचं, शेवटी काय झालं असेल ते त्याच्या तोंडून ऐकायचं, आणि मगच पान द्यायचं. उत्तर चुकलं तरी हरकत नसायची, फक्त ते स्वतःचं पाहिजे. पुस्तक कापणं पाप आहे, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. एकदा म्हणाले, “घरी यांना कोण इचारतंय, तुला काय वाटतं म्हणून? मी इचारून राह्यलो.” संध्याकाळी कोंडवाड्याच्या दारात चपलांचा ढीग पडायचा, तो मी डोळ्यांनी पाहिलेला आहे. अकरावीतली एक पोरगी तर छापलेला शेवट वाचून नाक मुरडायची आणि माझाच बरा होता म्हणायची. असं ती म्हणाली की साडूंना आनंदानं रात्री भूक लागायची नाही.

मग एक दिवस नगरपंचायतीचे एक सदस्य पेपर वाचायला आले, आणि साडूंनी त्यांना दारावरचा खडू दाखवला. लग्न झालेल्यांना नाही म्हणजे नाही. झालं! सदस्यांना एकाएकी गावात स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका हवीशी वाटू लागली, आणि नेमकी कोंडवाड्यातच. नगरपंचायतीचे साहेब पाहणीला आले. एक पुस्तक उघडलं, शेवटचं पान नाही. दुसरं उघडलं, त्यालाही नाही. साहेबांनी विचारलं. कुणाही शहाण्या माणसानं उंदरांवर ढकललं असतं. हे छाती काढून म्हणाले, “फाटली न्हाईत साहेब, मी कापली हायेत,” आणि डबा उघडून दाखवला. सगळी पुस्तकं खराब ठरली आणि रद्दीच्या टेम्पोत गेली. हे डबा काखेत धरून टेम्पोवाल्याला दमानं टाक, दमानं टाक म्हणत होते. त्या दिवशी मला साहेबांचा राग आला, सदस्यांचा आला, आणि सगळ्यात जास्त यांचा आला.

आता तिथं संगमरवरी पाटी आहे, खुर्च्या आहेत आणि दाराला कुलूप आहे. किल्ली सदस्यांच्या घरी. पोरं पानटपरीवर मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसतात. पोरी कुठं बसतात, ते मला माहीत नाही.

गेल्या दिवाळीत साडू मला सोडायला स्टँडवर आले होते. धावड्याला जाणाऱ्या जीपमधून कुणीतरी ‘काका’ म्हणून हाक मारली. तीच नाक मुरडणारी पोरगी, मांडीवर लेकरू. अठरा भरल्याबरोबर तिचं लग्न उरकलं होतं. एक पुस्तक तिच्याजवळच राहिलं होतं, म्हणून तेवढं रद्दीच्या टेम्पोत गेलं नव्हतं. त्यातली ती बाई शेवटी परत शिकायला जाते का, असं तिनं विचारलं.

“मंग पान न्यायला का न्हाई आलीस?” साडू म्हणाले.

“दारावर लिहिलेलं होतं ना काका. लग्न झालेल्यांना न्हाई म्हणून.”

साडूंचा चेहरा पाहवेना. तरी सवयीनं त्यांनी विचारलंच, की तुला काय वाटतं. तिनं लेकराचं टोपडं सारखं केलं. “पहिले वाटायचं, जाते. आता न्हाई वाटत.”

थांब म्हणाले आणि गुडघे दुखत असताना घराकडं पळाले. जीप कशाला थांबते! डबा छातीशी धरून धापा टाकत आले, तेव्हा स्टँडवर मीच एकटा उभा होतो. त्या पानावर आहे तरी काय, असं मी विचारलं.

“जाते,” म्हणाले. “जाते ती. तसंच छापलेलं हाये.”

तेव्हापासून ते पान त्यांच्या खिशात असतं. दर बाजारच्या दिवशी स्टँडवर जातात, आणि धावड्याची जीप आली की वाकून आत बघतात.