लाकडी खांबांचं चर्च

जुन्या छतांखाली काम करणाऱ्यांकडे किस्से फार साठतात. वर तडा दिसला की घाबरलेली माणसं भरभरून बोलतात, आणि त्यात मीही आले! मी पुण्याची स्ट्रक्चरल इंजिनिअर. आयर्लंडमधल्या किलकेनीजवळच्या एका छोट्या गावातलं चर्च दुरुस्तीसाठी माझ्याकडे आलं, तेव्हाचे हे किस्से.

*

पहिल्या दिवशी तिथल्या फादर डेक्लननी इतिहास सांगितला. पूर्वीचे एक फादर इटलीत शिकायला गेले, तिथल्या एका लहान गावातल्या नक्षीदार बरोक शैलीच्या चर्चच्या प्रेमात पडले आणि परत येऊन त्यांनी इथे हुबेहूब तसंच बांधलं. मी कौतुकाने संगमरवरी खांबावर टकटक केलं. आवाज पोकळ!

"फादर, हे तर रंगवलेलं लाकूड आहे!"

"हळू बोल. गावाला माहीत नाही."

माझी सगळी कॅल्क्युलेशन्स दगडी खांबांची होती!

*

एका रविवारी छतावरच्या प्लास्टरच्या देवदूताचा पाय तुटून पडला. तोही थेट नोराआजींच्या बाकावर! ऐंशी उलटलेल्या नोराआजी रोज तिथेच बसायच्या. नुकत्याच चहाला उठल्या होत्या, म्हणून वाचल्या.

मी त्याच दिवशी चर्चला कुलूप लावलं. आजींनी माझ्याशी बोलणंच टाकलं!

*

कोल्हापूरहून आलेल्या सासूबाईंना एकदा हेल्मेट घालून आत नेलं. वरचे तडे बघून घाबरतील, अशी मला धास्ती. त्या छतावरच्या गुबगुबीत देवदूतांकडे बघत राहिल्या.

"आगं, एवढ्या गारठ्यात ह्या पोरांस्नी उघडंच ठेवलंय व्हय?"

*

प्लास्टरच्या दुरुस्तीसाठी लोरेन्झो नावाचा कारागीर आला, नेमका इटलीतल्या त्या मूळ गावचा. वर बघून त्याने डोक्यावरची टोपी काढली. माझा धीर सुटला.

"इतकं वाईट आहे?"

"आमचं चर्च भूकंपात गेलं," तो म्हणाला. "आता हेच ओरिजिनल."

त्या दिवसापासून माझी झोप उडाली!

*

काम संपलं, परांची उतरली. दुरुस्त छताखाली पहिल्यांदा चर्चचा भलामोठा ऑर्गन वाजणार होता. त्याच्या हादऱ्याने काय होईल, या काळजीने आम्ही सगळे दाराशीच थांबलो. नोराआजी मात्र सरळ आत जाऊन मधोमध बसल्या.

"आजी, बाहेर या! आधी बघू दे!"

त्यांनी वळून विचारलं, "तुझा हिशोब बरोबर आहे ना?"

"आहे."

"मग तू तिथे का उभी?"

मी जाऊन त्यांच्या शेजारी बसले. ऑर्गन घुमला. बाक थरथरला. छत जागचं हललं नाही.

"ग्रँड," आजी म्हणाल्या. माझा हात त्यांनी इतका घट्ट धरला होता, की बोटं पांढरी पडली होती!