सगळ्यात रिकामा सर्व्हर

आमच्या वहिनीला कुठलंही काम सांगा, ती आधी म्हणणार, "वेळ लागेल." बाबांना, म्हणजे तिच्या सासऱ्यांना, हे मुळीच खपत नसे. त्यांची सगळी कामं माझ्या धाकट्या भावाकडे, कारण तो लगेच "झालंच समजा" म्हणतो. काम होत नाही, ही गोष्ट वेगळी. तरी बाबा पुन्हा त्यालाच सांगतात, कारण घरात तोच कायम रिकामा दिसतो.

वहिनी एका हॉस्पिटलच्या तळघरात ईमेलचे सर्व्हर सांभाळते. तिथेच परवा बाबांचं ऑपरेशन होतं. बाबा उपाशीपोटी सगळ्यांवर डाफरत होते आणि बाहेरच्या लॅबचा रक्ताचा रिपोर्ट काही मेलवर येईना. डॉक्टर म्हणाले, "दुपारपर्यंत आला नाही तर आज ऑपरेशन नाही. आणि आणखी थांबणं बरं नाही." धाकटा म्हणाला, "लॅबला फोन करतो, झालंच समजा," आणि चहाला गेला.

मी तळघर गाठलं. वहिनीच्या ताब्यात चार सर्व्हर, आणि त्यांच्यापुढे वाटप करणारं एक यंत्र. जो रिकामा दिसेल त्याच्याकडे ते पुढचा मेल धाडतं. तिचा सहकारी म्हणत होता, "तिसरा बघ कसा झटपट उरकतोय. दुसराच रेंगाळतोय, तो बंद करू."

"तिसराच बाहेर काढ," वहिनी म्हणाली. "त्याची डिस्क भरलीय. येईल त्या मेलला 'नंतर या' सांगतो आणि मोकळा होतो. मोकळा दिसतो म्हणून यंत्र पुढचाही त्यालाच देतं. लॅबचा मेल दर वेळी तिथूनच परत जातोय."

मी म्हटलं, "हा तर आपल्याच घरातला निघाला."

वहिनी हसली नाही. "ताई, जरा वेळ लागेल," म्हणत तिने तिसऱ्याला वाटपातून काढलं आणि लॅबला मेल पुन्हा पाठवायला सांगितला. या वेळी तो दुसऱ्याकडे गेला. रेंगाळत का होईना, त्याने रिपोर्ट घेतला.

बाबांना ही सगळी हकीकत मीच सांगितली, चांगली मीठमसाला लावून. तेवढ्यात नर्स त्यांना न्यायला आली. म्हणाली, "आजोबा, कवळी काढून घरच्यांकडे द्या." धाकट्याने चटकन हात पुढे केला.

"द्या बाबा, सांभाळलीच समजा."

बाबांनी कवळी काढली, त्याच्या हातावरून पलीकडे नेली आणि वहिनीच्या ओंजळीत ठेवली.

"तू ठेव," ते बोळक्या तोंडाने म्हणाले. "मला यायला वेळ लागेल."