आठ वाजताची अंघोळ

गाडी शिकवणाऱ्या त्या मॅडमला सगळी गल्ली ब्रेकबाई म्हणायची. अर्थात मागून. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढे जास्तीचा ब्रेक असतो ना, त्यावर हिचा पाय कायमचा, आणि आवाज असा की काचा वर असल्या तरी चौकातला पोलीस वळून बघायचा. "क्लच! अहो, क्लच सोडा म्हणाले, जीव नाही!"

वय चव्वेचाळीस, लग्न झालेलं नव्हतं. का नव्हतं, याला एकच असं कारण नाही. आधी आई आजारी, मग आई गेली, मग बाबांचे कान गेले. अशा घरात वर्षं कशी सटकतात ते कुणालाच कळत नाही.

आणि मग साथ आली. सगळं बंद. गाडी खाली कापडाखाली, चाकांतली हवा उतरत चाललेली. वर दोन खोल्या, एक न्हाणीघर आणि बाबा. बरं, बंदीच्या जरासंच आधी बाबांचं कानाचं यंत्र आलं होतं, तेवढं एक चांगलं झालं. त्याच्यासोबत नखाएवढा चिमटा होता, माइकचा. तो कॉलरला लावला की लावणाऱ्याचा आवाज भिंती ओलांडून थेट बाबांच्या कानात. ही स्वयंपाकघरातून ओरडायची, "बाबा, गोळी घेतलीत का?" आणि बाबा बाहेरून म्हणायचे, "घेतली गं बाई, हळू बोल, आता ऐकू येतं." आठ वाजता रेडिओवर जुनी गाणी लागायची. कित्येक वर्षांनी ती ऐकू येत होती. म्हातारा गुडघ्यावर ताल धरून बसायचा, आणि हिला बघून बरं वाटायचं.

अशात चष्मेवाल्याचा मेसेज आला. हा तिचा विद्यार्थी. चष्म्याचं दुकान, तिच्याहून थोडा मोठा, घटस्फोट झालेला, आणि गाडीच्या परीक्षेत दोनदा नापास. 'मॅडम, परीक्षा कधी? घरात खुर्चीवर बसून क्लच मारतोय. खुर्चीसुद्धा बंद पडते.'

ती एकटीच खो खो हसली. मग मेसेज वाढले, मग फोन सुरू झाले. तो एकटा राहायचा. म्हणाला, कित्येक दिवसांत माणसाचा हात लागलेला नाही, दुधाची पिशवीसुद्धा दाराबाहेर ठेवून जातात. एकदा त्याने विचारलं, "आत्ता तुमचा हात कुठे आहे?" हात भाजीच्या डावावर होता. तिने ते सांगितलं नाही. दुसरंच काहीतरी सांगितलं, आणि तिचे कान तापले.

पण बोलायचं कुठे? म्हणून आठ वाजताची अंघोळ सुरू झाली. बाबा गाण्यांत रमलेले, न्हाणीघराची कडी लावलेली, नळ बादलीत सोडलेला, कानात इयरफोन, आणि मॅडम प्लॅस्टिकच्या स्टुलावर. आत काय गोष्टी चालायच्या? काही देवाधर्माच्या नव्हत्या, एवढं सांगितलं की पुरे. तो तिकडून बटणं काढायला सांगायचा आणि इकडे काढली जायची. जे शब्द तिने मनातसुद्धा उच्चारले नव्हते ते ती बोलत होती, आणि तो तेव्हाही मॅडमच म्हणायचा! आयुष्यभर दुसऱ्यांना हात कुठे ठेवायचा ते सांगणाऱ्या बाईला कुणीतरी सांगत होतं, आणि तिला ते हवं होतं. दिवसभरात तेवढीच काय ती तिची वेळ.

त्याच सुमारास बाबांनी एक नवीनच खूळ काढलं. आठ वाजले की यंत्र कानांतून काढून डबीत.

"बाबा, अहो घाला ना! गाणी लागतील आता."

"कंटाळा आला गाण्यांचा."

"मग एवढं यंत्र आणलं कशाला?"

ती चिडायची, हात टेकायची आणि अंघोळीला जायची.

एका संध्याकाळी फोन ठेवून ती सदऱ्याची बटणं लावत होती. कॉलरला चिमटा होता. हिरवा दिवा चालू.

पायाखालची जमीन सरकली म्हणतात, ते तिला तेव्हा कळलं. धावत बाहेर आली. बाबा खिडकीशी, डबी मांडीवर, यंत्र डबीत. हुश्श! वाचले! पण ते हुश्श पुरतं होईना, कारण तेवढ्यात तिला आठवलं की हे खूळ सुरू झालं केव्हा. अंघोळ सुरू झाली तेव्हाच.

ती रात्रभर जळत राहिली. दार उघडून कुठेतरी चालू पडावं तर बाहेर बंदी. लाज वाटली तरी ह्याच दोन खोल्यांत, त्याच माणसासमोर ताट घेऊन बसायचं. तिने चष्मेवाल्याला कळवलं, 'आता बंद.' त्याचं उत्तर आलं, 'मॅडम, माझ्याकडे दुसरं काही नाही हो.' तिच्याकडे तरी कुठे होतं?

दोन दिवस आठ वाजता ती भांडी घासत बसली. तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "आज पण अंघोळ नाही?"

"सकाळी झाली."

बाबा रेडिओकडे बघत बोलले. जन्म सगळा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून गेलेला. "आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवायचे. लाईन जोडली, दोघांचं हॅलो झालं, की ऑपरेटरने कान काढायचा. पुढचं आपलं नाही."

तिने हातातला पेला खाली ठेवला. "बाबा, तुम्ही ऐकलंत?"

"तुझं हॅलो ऐकलं. आणि हसलीस ते. आई गेल्यापासून तुला असं हसताना ऐकलं नव्हतं." डबी जवळ ओढत म्हणाले, "मग काढला कान. आणि तो नळ सोडत जाऊ नकोस. पाणी वाया जातं."

एवढं बोलून त्यांनी यंत्र काढलं, डबी मिटली, रेडिओ स्वतःच्या हाताने बंद केला आणि हात गुडघ्यांवर ठेवून बसले. तिला वाटलं, मरून जावं. वाटलं, त्यांच्या गळ्यात पडावं. दोन्ही जमलं नाही. ती उठून आत गेली.

नळ सोडला नाही. फोन लावला. "मॅडम?" त्याचा आवाज रडवेला. ऐकणारं कुणी नव्हतं तरी ती कुजबुजतच बोलली. त्याने विचारलेल्याला उत्तरं दिली, बटणापर्यंत हातही गेला, पण दाराबाहेर तो माणूस गाण्यांविना बसलाय हे काही केल्या डोळ्यांपुढून हटेना. तरी तिने फोन ठेवला नाही. ठेवायचा नव्हताच तिला.

बाहेर आली तेव्हा बाबा दाराकडेच बघत होते. बहिऱ्या माणसाला आपला आवाज केवढा आहे ते कळत नाही. तळमजल्यापर्यंत जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "झालं का गं बोलणं? घालू का आता कान?"

खालच्या घरातला भांड्यांचा आवाज थांबला.

आणि ब्रेकबाईने शाळेतल्या पोरीसारखी मान हलवली. बाबांनी यंत्र घातलं, रेडिओ लावला. गाणी केव्हाच संपली होती.